डाव्या दाराच्या कोपरातली निळी तार

मी एक तार आहे. सतारीची नव्हे, टपालातून यायची ती तर नव्हेच. अंगणात धुणं वाळत घालायची असते ना, तिलासुद्धा घरातले लोक ओळखतात, कावळा तिच्यावर बसून झोके घेतो. माझ्यावर आजवर कावळासुद्धा बसला नाही. मी मोटारगाडीच्या डाव्या दारात राहते. रंग निळा, जाडी हातवळणीच्या शेवईपेक्षा थोडी जास्त. बटन दाबलं की दाराची काच आपोआप वर-खाली होते, त्या कामात माझा वाटा आहे.

वाटा आहे, असं मी आता म्हणते. पूर्वी म्हणत असे, काच मीच उचलते. या दोन वाक्यांच्या मधे माझं सगळं आयुष्य गेलं. तेच सांगायला बसलेय. बसलेय म्हणजे काय, मी कायमच मुडपलेली असते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तांब्याचे सोळा बारीक केस एकत्र पिळले आणि वरून निळ्या प्लास्टिकचं लुगडं नेसवलं. मग खिळे ठोकलेल्या एका लांब पाटावर मुलींनी आम्हा सगळ्या तारांना वळणावळणाने नेलं, काळ्या चिकटपट्टीने बांधलं आणि जुडगा गाडीच्या पोटात पाठवून दिला. सोळा केस आपल्याला आहेत याचा मला फार अभिमान. शेजारच्या दिव्याच्या तारेला त्याहून कमी होते. ती बिचारी रोज सांजेला दिवा लावायची आणि कधी बढाई मारायची नाही. मी मात्र एकदा काच हलवली की सगळ्या जुडग्याला ऐकवायचे.

आता आमचं काम कसं चालतं ते सांगते. अवघड नाही.

गाडीतली वीज बॅटरीतून निघते आणि आधी फ्यूजपाशी येते. फ्यूज म्हणजे घरातली थोरली जाऊ. भार फार झाला की ती स्वतः जळते, घर जळू देत नाही. तिथून वीज येते बटनात. आमच्या गाडीत काचांची बटनं दारावर नाहीत, दोन सीटच्या मधे, गिअरच्या दांड्यापाशी आहेत. डाव्या काचेच्या बटनातून आम्ही दोघी निघतो, मी आणि माझी जोडीदारीण पिवळी. पायपुसण्याखालून जातो, बिजागरीपाशी एका रबरी नळीतून दारात शिरतो आणि आतल्या छोट्या मोटारीला जाऊन मिळतो. ती रबरी नळी म्हणजे दाराचं कोपर. दार उघडलं की आम्ही ताणल्या जातो, मिटलं की मुडपतो.

बटनाला कुणाचं बोट नसतं तेव्हा आम्ही दोघी गाडीच्या लोखंडी अंगाला टेकून निवांत असतो. बटन वरच्या बाजूला दाबलं की वीज माझ्यातून मोटारीकडे जाते आणि पिवळीतून परत येते. मोटार फिरते, काच चढते. बटन खालच्या बाजूला दाबलं की वीज पिवळीतून जाते आणि माझ्यातून परतते. मोटार उलटी फिरते, काच उतरते. विहिरीवरच्या रहाटासारखंच आहे हे. रहाट तोच, इकडून फिरवला की पोहरा वर, तिकडून फिरवला की खाली.

यातून शहाण्या तारेने काय समजावं? की एकीने न्यायचं आणि दुसरीने परत आणायचं, दोघी असल्याशिवाय मोटार जागची हलणार नाही. मी काय समजले? की काच चढते तेव्हा वीज माझ्यातून जाते, म्हणजे चढवणारी मी आणि उतरवणारी पिवळी. उतू नये, मातू नये, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी उतलेही आणि मातलेही.

माझे पहिले मालक बीडमधले एक मास्तर होते. ते काच कधी उघडतच नसत, धूळ येते म्हणून. तिथे मी चार वर्षं नुसती ऐटीत बसून काढली. मग गाडी बीडजवळच्या पालीच्या बद्रीनाथने घेतली. घरात चौघंच. बद्रीनाथ, त्याची बायको संगीता, वडील हरिबा आणि आई सुंदरबाई.

सुंदरबाईंमुळे माझं डोकं आणखी बिघडलं. त्या देवभोळ्या आणि फार प्रेमळ. सणावाराला जात्याला, चुलीला, विळ्याला कुंकू लावणारी बाई, मग गाडीने काय घोडं मारलंय? दर शुक्रवारी त्या ओल्या फडक्याने गाडी पुसायच्या. एकदा सांजेला बद्रीनाथने दिवे लावले तेव्हा काचेच्या बटनांच्या पोटात ज्वारीच्या दाण्याएवढा लाल दिवा लागलेला त्यांना दिसला.

"अगं संगीता, ह्याच्यात नंदादीप हाय की," त्या सुनेला म्हणाल्या.

झालं. तेव्हापासून पुढच्या पत्र्याला, स्टिअरिंगला आणि त्या बटनांना हळदी-कुंकू. बटनाच्या तळाशीच माझं टोक. कुंकवाचे कण माझ्यावर पडू लागले आणि मला वाटलं, ही पूजा माझीच. पिवळीवरही तेवढेच कण पडत होते, पण ते मी पाहिलं नाही.

दोन वर्षांत बटनात इतकं कुंकू साचलं की ते दबेनासं झालं. बद्रीनाथने बीडच्या बजरंग वायरमनला बोलावलं. त्याने बटन उघडलं, ब्रशने साफ केलं आणि हसत म्हणाला, "काकू, हिची पूजा पत्र्यावरून करा. आत कुंकू गेलं की वीज पुढं जात न्हाई." सुंदरबाई ओशाळल्या. त्या दिवसापासून घरात कायदाच झाला, की काचेला काहीही झालं तरी दोष आईच्या कुंकवाचा.

आणि नेमकी त्याच सुमारास मी तुटायला लागले होते.

त्याचं असं झालं, की हरिबांना दार हळू लावणं ठाऊकच नव्हतं. त्यांचा सगळा जन्म शेळ्या-मेंढ्यांमागे गेला. गोठ्याचं फाटक दणकन ओढलं नाही तर करडू बाहेर निसटतं, ही त्यांची सवय. गाडीचं दारही ते तसंच ओढत, आणि बसायचे नेहमी पुढे डावीकडे. दर दणक्याला कोपरात मला एक हिसका. एक दिवस आतला एक केस तुटला. मी कुणाला काही कळू दिलं नाही. पंधरा आहेत की. मग दुसरा तुटला. काच जरा सावकाश चढायला लागली, तेव्हा बद्रीनाथ म्हणाला, "मोटार म्हातारी झाली वाटतं." मी गप्प राहिले आणि मोटारीला बोल खाऊ दिले.

सुंदरबाईंनी तेव्हा सोळा सोमवार धरले होते. त्यांचे सोमवार एकेक करून पुरे होत होते आणि माझे केस एकेक करून सरत होते. मी स्वतःची समजूत घालत होते, की आपणही काहीतरी व्रतच करतोय. असं व्रत करणाऱ्याला देवसुद्धा काय देणार? बाई उपास धरते तेव्हा घरात सगळ्यांना माहीत असतं. मी धरला होता तो नुसता अबोला.

आता संगीताचं सांगते, कारण माझ्या मूर्खपणाचा भार तिच्यावर पडणार होता.

संगीता बचत गटातल्या बायकांबरोबर जाऊन रेशमाच्या अळ्या पाळायचं शिकून आली. सहा महिने घरात विषय काढत राहिली. शेवटी विहिरीजवळच्या एकरात तुती लावली, बाजूला जाळी लावलेलं शेड उभं राहिलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण हे माझं, असं म्हणायला तिच्याकडे पहिल्यांदाच काही आलं होतं. हरिबांना ते पटलं नव्हतं.

"आळी म्हंजी काय जनावर हाय का?" ते म्हणायचे. "हाक मारली तर मान वर करत न्हाई. दूध न्हाई, लोकर न्हाई, शिंग न्हाई."

"मामा, एक खेप तर बघा," संगीता सासऱ्यांना म्हणाली.

"बघतो. एकच खेप. साधली तर तुजी. न्हाई साधली तर तुती उपटायची आन् सोयाबीन टाकायचं. मग रडायचं न्हाई."

"न्हाई रडत."

पाडवा होऊन आठ-दहा दिवस झाले होते, तेव्हा ती पहिली खेप आणायला चौघं निघाले. तलवाड्याच्या पुढे एका शेतकऱ्याचं केंद्र होतं. अळ्या अंड्यातून निघाल्यावर दोन कात टाकेपर्यंत तिथेच सांभाळतात आणि मग आपापल्या शेडात न्यायला देतात. हरिबांचं काही काम नव्हतं, पण जनावर न बघता घरात घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. सुंदरबाई आल्या ट्रे सांभाळायला.

केंद्रावर अळ्या भरून देईपर्यंत उन्हं वर आली. पातळ कागदाने झाकलेले ट्रे मागच्या सीटवर एकावर एक रचले. एका बाजूला सुंदरबाई, दुसऱ्या बाजूला संगीता. केंद्रवाला खिडकीशी वाकून म्हणाला, "ताई, काचा लावून, गार हवा चालू ठेवून जा. गरम वारं लागलं तर ह्या मान टाकत्यात. फवाऱ्याचा वास तर उलीसाबी नको. आन् तंबाखूचा हातबी न्हाई लावायचा."

हे शेवटचं ऐकताना हरिबांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. त्यांच्या गालात तेव्हा विडा भरलेला होता.

कोस-दोन कोस गेल्यावर त्यांनी डाव्या काचेचं बटन दाबलं. पिवळीतून वीज गेली, माझ्यातून परतली, काच उतरली. माझा तेव्हा एकच केस शिल्लक होता. तरी काच उतरली म्हणून मी आतल्या आत मिरवले.

"मामा, काच कावून खाली केली?" मागून संगीताचा आवाज आला.

हरिबांचा गाल फुगलेला होता. बोलता येत नव्हतं.

"तोंडात काय हाय मामा?"

"आबा, गाडीतून थुकू नका, वाऱ्यानं माघारी येतंय," बद्रीनाथ म्हणाला आणि त्याने गाडी कडेला घेतली.

हरिबा उतरले, थुंकले, बाटलीतल्या पाण्याने तीनदा चूळ भरली. सुनेसमोर लेकाने बोललेलं त्यांना लागलं होतं. आत येऊन बसले आणि सगळा राग त्यांनी दारावर काढला.

त्या दणक्यात माझा सोळावा केस गेला.

बद्रीनाथने बटन वर दाबलं. काही नाही. खाली दाबलं. काही नाही. मला वाटलं होतं, मी गेले तर फक्त चढायचं काम अडेल, उतरायला पिवळी आहेच. पण नेलेली वीज परत यायची कुठून? पिवळी धडधाकट असून रिकामी बसली. माझ्यामुळे. तिने मला एका शब्दाने विचारलं नाही, ते मला जास्त लागलं.

बद्रीनाथने आरशातून मागे पाहिलं. "माय, आज कुंकू लावलं का बटनाला?"

सुंदरबाईंचा चेहरा उतरला. "पैलीच खेप म्हणून लावलं रे. बोटाच्या टोकानं. जरासंच."

"बजरंगनं सांगितलतं ना तुला?"

"सांगितलतं." मग त्या हळूच सुनेला म्हणाल्या, "पोरी, तुजं साधावं म्हणूनच लावलतं गं."

"मला म्हाईत हाय आत्या. तुमी ट्रे धरा," संगीता म्हणाली.

मी तिथेच होते. सगळं ऐकत होते. ज्या बाईने दोन वर्षं मला हळदी-कुंकू वाहिलं, तिच्यावर माझा आळ आला आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. तारेला बोलायला वीज लागते आणि मी तर तीच अडवून बसले होते.

उघड्या काचेतून वारं आत येत होतं. हरिबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून खिडकीत कोंबायला घेतला.

"मामा, तो नका. त्याला तंबाखूचा वास हाय."

"मग धोतर सोडू का?" हरिबा म्हणाले.

बद्रीनाथला एवढ्यातही हसू आलं. सुंदरबाईंनी आपली शाल दिली. ती काचेच्या फटीत खोचली, पण गाडी वेगात आली की शाल फुगायची आणि सुटायची. गार हवा बाहेर आणि रस्त्यावरची धग आत. संगीताने एका ट्रेचा कागद वर करून पाहिलं. मघाशी वळवळणाऱ्या अळ्या पानावर स्तब्ध पडल्या होत्या. तिने कागद पुन्हा झाकला.

थोडं पुढे बद्रीनाथने गाडी एकदम हळू केली. रस्त्याला लागून कलिंगडाचं रान होतं आणि त्यात दोन माणसं पाठीवर पंप घेऊन फवारणी करत होती. औषधाचं धुकं वाऱ्याबरोबर थेट रस्त्यावर येत होतं.

"आता?" तो म्हणाला. "थांबावं तर उन्हं चढायलीत. जावं तर ह्यो फवारा."

दुसरा रस्ता नव्हता. गाडी एका लिंबाखाली उभी राहिली. सुंदरबाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. त्या कोणता नवस बोलल्या ते मला कळलं, पण तो त्यांचा आणि देवाचा.

संगीता दोन सीटच्या मधून पुढे वाकली. तिने पदराच्या टोकाने बटन पुसलं, फुंकर मारली आणि वरच्या बाजूला दाबून धरलं. काच हलली नाही. तिने बोट उचललं नाही. तशीच दाबून विचार करत राहिली. तेवढ्यात हरिबा, आपलं इथे काही काम नाही असं समजून, दार उघडून उतरायला लागले.

दार अर्धं उघडलं आणि आतली मोटार गुरगुरली. एकदाच, आणि गप्प झाली.

"मामा, काय केलं तुमी?"

"आता काय केलं मी? उतरायलो नुसता."

"दार कुठवर नेलतं? तसंच परत धरा. हळू."

हरिबांनी दार मागे घेतलं, पुढे लोटलं. संगीताचं बोट बटनावर आणि कान दाराकडे. रबरी कोपरात माझी दोन तुटकी तोंडं एकमेकांसमोर होती. दार मिटलं की लांब जायची, पुरतं उघडलं तरी लांब जायची. मधे कुठेतरी, वीतभर उघडं असताना, नळीच्या मुरडीत ती एकमेकांना टेकत होती. सोळा केसांचा दिमाख संपला होता आणि माझा जीव एका रागावलेल्या म्हाताऱ्याच्या हातात होता.

"थोडं आणखी मामा. बास. तिथंच."

मोटार पुन्हा गुरगुरली आणि काच बोटभर चढली.

"धरा, हलवू नका."

"न्हाई हलवत."

काच अर्ध्यावर आली. वाऱ्याचा झोत आला, दार जरासं सरकलं, काच थांबली. हरिबांनी दारावर खांदा लावला, गुडघा टेकवला. आजारी शेळीला पाजताना तिला धरून ठेवतात ना, अगदी तसं त्यांनी ते दार धरलं. श्वाससुद्धा जपून घेत होते. माझी तोंडं पुन्हा जुळली. जुळताना चटका बसत होता, पण ओरडायचा मला काय अधिकार होता? वीज माझ्यातून गेली, पिवळीने परत आणली, मोटार फिरली. काच वरच्या रबरात जाऊन बसली.

संगीताने बोट उचललं. तिच्या बोटावर कुंकू लागलं होतं. "बटन चांगलं हाय," ती म्हणाली. "बघा ना, दाबलं की चालायलंय. दारातच कुठंतरी वायर तुटली आसल. दार हललं की जुळतीय. आत्या, कुंकवानं काई न्हाई झालेलं."

सुंदरबाईंनी डोळे उघडले. त्या सुनेच्या बोटाचं कुंकू पदराने पुसायला लागल्या, मग थांबल्या आणि तेच बोट उचलून तिच्याच कपाळाला टेकवलं.

"दार लावू का?" बाहेरून हरिबांनी विचारलं. माझ्या आठवणीत त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदाच केला.

"लावा. पर मामा, हळू."

त्यांनी दार असं लावलं की मला कळलंसुद्धा नाही. मग ते फवाऱ्याच्या रानाकडे गेले आणि बांधावरून ओरडले, "ए बाबा, दोन मिनटं पंप थांबव. लेकरं न्यायचीत गाडीतून." ती माणसं थांबली. गाडीत कुणाचं लहान मूल असेल असं त्यांना वाटलं असणार. हरिबांनी खुलासा केला नाही. धुकं विरल्यावर गाडी रानावरून पुढे गेली, काचा बंद, आत गार.

घरी पोचल्यावर संगीताने अळ्यांवर कोवळी पानं टाकली आणि शेडात दोन तास बसून राहिली. सांजेला बाहेर आली तेव्हा बद्रीनाथने विचारलं, "काय म्हणत्यात?"

"थोड्या गेल्या. बाकीच्यांनी तोंड लावलंय पानाला."

दुसऱ्या दिवशी बजरंग आला. त्याने कोपरावरची रबरी नळी मागे सारली आणि मला दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवलं. काय माझी शोभा. टोकाला हिरवा गंज, तुटलेले केस पिंजारलेले, निळं लुगडं मुडपून मुडपून फाटलेलं. "ही बगा," तो म्हणाला. "आत एकेक केस तुटत गेलेत. लई दिवसांपासून. काकू, कुंकवाचा काईच संबंध न्हाई." सुंदरबाईंनी त्याला बसवून घेतलं, चहाबरोबर धपाटं दिलं, आणि वर आणखी एक.

बजरंगने माझा खराब भाग कापला. त्याच्याकडे निळी तार नव्हती, म्हणून मधे हिरवा तुकडा जोडला, कथलाचा डाख दिला, वर नळी चढवली. आता मी इकडून निळी, तिकडून निळी आणि मधे हिरवी. हिरव्याला किती केस आहेत ते मी विचारलं नाही. असतील तेवढे असोत. परवा दिव्याच्या तारेने विचारपूस केली, तेव्हा मी तिला तुझं कसं चाललंय असं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. 

गाडी आता दुपारी शेडाच्या सावलीला लागलेली असते आणि हरिबा तिच्यात येऊन बसतात. तंबाखू अजून पुरती सुटलेली नाही, त्यामुळे शेडात जायची त्यांना मुभा नाही. संगीताने मनाई केलेली नाही, त्यांनी स्वतःच घालून घेतली आहे. दार हलक्या हाताने लावतात, डावी काच खाली घेतात आणि जाळीकडे कान देतात.

अळ्यांनी चौथी कात टाकली तेव्हापासून त्यांची भूक काही औरच झाली आहे. फांद्यांच्या फांद्या फस्त होतात. हजारो तोंडं एकदम पान कुरतडतात, त्याचा एकसारखा सर्र सर्र आवाज शेडाबाहेर येतो. मी तर लोखंडाच्या आडून ऐकते, तरी ऐकू येतो.

परवा हरिबा असेच बसले असताना त्यांचा फोन वाजला. गावातला ट्रॅक्टरवाला सटवा होता.

"आबा, तुती उपटायची म्हणला व्हता तुमी. रोटा घेऊन रान मोडायला कवा येऊ?"

हरिबांनी फोन काचेबाहेर काढला, जाळीच्या दिशेने धरला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला, मग कानाला लावला.

"ऐकलं का?"

"ऐकलं की. पाऊस पडायलाय का तिकडं? हिकडं तर ऊन हाय."

"पाऊस न्हाई बे. लेकरं जेवायलीत," हरिबा म्हणाले. "तू येऊ नको."

फोन खिशात ठेवून ते बसून राहिले. शेडातून संगीता बाहेर आली, तिच्या हातात रिकाम्या फांद्यांचा भारा होता. तिने 'तू येऊ नको' एवढं ऐकलं होतं. ती भारा तसाच धरून त्यांच्याकडे बघत थांबली.

"काय बघायली?" हरिबा म्हणाले. "पानं कमी पडतील सांजेला. विळा दे, मी तोडून आणतो. हात धुतो साबणानं."

संगीता विळा आणायला आत गेली. हरिबांनी काच वर घ्यायला बटन दाबलं. मी नेलं, पिवळीने परत आणलं, काच चढली.

तर बायांनो, बापांनो, तुमच्या गाडीत माझ्यासारखी एखादी असेल. तुटते तेव्हा ती बोलत नाही, हा तिचा दोष आहे, मी तिची बाजू घेत नाही. काच अडली तर घरातल्या म्हातारीवर आळ घेण्याआधी बटन दाबून दार थोडं हलवून बघा आणि कान द्या. मोटार गुरगुरली तर समजा, आतमधे कुणीतरी जुळायला धडपडतंय. बोलावणं आलंय, हरिबा दार उघडून उतरतायत. येते मी.